सगळं गाव झालं

"आता हिला शेण काढ म्हणायचं तरी कसं गं बाई? ही इद्यापीठ झालीया."

गोठ्यात आत्याबाई म्हशीशी बोलत होत्या. भिंतीच्या अलीकडं चुलीपुढं बसून कमला भाकरी थापत होती आणि शब्द न् शब्द तिच्या कानावर पडत होता. सुनेला जे सांगायचं ते म्हशीला सांगायचं, ही आत्याबाईंची जुनी रीत. म्हैस उलटून बोलत नाही आणि सुनेला ऐकल्यावाचून सुटका नाही, दोन्हीकडनं सोय.

"गळ्यात पट्टा घालून गल्ल्या हिंडतीया. पट्टा तुझ्या गळ्यातबी हाय बाई, पर तू दूध तरी देतीस."

कमलाला हसू आलं. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि भाकरी तव्यावर टाकली. पट्टा खुंटीला लोंबत होता. निळी फीत, खाली तिचा फोटो, फोटोखाली नाव आणि नावाखाली 'गाव-संशोधक'. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती भुजबलीची बायको होती, मग क्षमाची आई झाली. एवढ्या वर्षांत तिचं नाव कुणी कुठं छापलं नव्हतं.

गाव निपाणीच्या पलीकडं, वेदगंगेच्या अलीकडं. मराठी शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल लांब, आणि तेही कन्नड. पोरी आठवीला जायच्या, कन्नडच्या बाकावर मुक्या होऊन बसायच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्या की परत जायच्या नाहीत. कुणी विचारलं तर आया म्हणायच्या, "तिचं मनच न्हाय अभ्यासात."

त्यावर काही करावं म्हणून बेळगावच्या विद्यापीठातला शिक्षण विभाग गावात आला. विभागाच्या लतिका मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आम्ही इथं शिकवायला आलो नाही, तुमच्याबरोबर शोधायला आलोय. ही भागीदारी आहे. भुजबली मागं बसला होता. तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "म्हंजे वाट्याची शेती. पेरा त्यांचा, राखण आपली. पीक कुनाचं ते सुगीत कळंल."

पण संध्याकाळचा वर्ग खरंच सुरू झाला. गावातले मोठे बागायतदार जिनेंद्र अण्णा यांनी आपल्या घराचा पुढचा सोपा वर्गाला दिला. फरशी गुळगुळीत, वर पंखा, दाराशी नळ. मॅडमना जागा फार आवडली. विभागातल्या शिकणाऱ्या पोरी आळीपाळीनं येऊन कन्नड आणि गणित घ्यायच्या. क्षमा बसवरच्या कन्नड पाट्या भराभर वाचायला लागली. घरोघरी जाऊन पोरींची चौकशी करायचं काम कमलाला मिळालं. येत्या रविवारी सभा होती. त्या दिवशी वर्गातल्या पोरींची नावं पक्की व्हायची, आणि त्यांनाच विभाग पुढं हायस्कूलला दाखल करून वर्षभर पाठीशी राहणार होता.

"भाकरी करपली," आत्याबाई गोठ्यातून म्हणाल्या. हे मात्र थेट तिला होतं.

*

तंबाखू कमरेला लागली होती. खुडणीचे दिवस. शेंडा वेळेत खुडला नाही की झाड फुलावर जातं आणि पानातलं बळ निघून जातं. मग तसल्या पानाला व्यापारी हातसुद्धा लावत नाही. त्यात यंदा ढगाळ हवा. फुलं घाईनं वर यायला बघत होती.

खालच्या आळीची रुक्माबाई बाया घेऊन आली होती. कमला नवी नवरी होऊन या रानात आली तेव्हाही खुडणीला रुक्माबाईच होती. दोघींच्या ओळी शेजारशेजारी लागायच्या. पानांवर दव होतं. ओल्या पानांनी लुगड्याचा पुढचा भाग भिजून मांड्यांना चिकटला होता, आणि बोटांवर चीक चढत होता. हा चीक आधी पिवळा असतो, मग काळा होतो. राख लावा, चिंच लावा, त्या हातानं खाल्लेला घास दोन वेळा तरी कडूच लागतो.

"क्षमा शिकवणीला जाती म्हनं," रुक्माबाई म्हणाली.

"जाती की. रोज जाती. कन्नड वाचाय लागली."

"हुशारच हाय ती. आमची नात सुजाता सांगती न्हवं, सातवीपातुर एका बाकावर बसायच्या दोगी." रुक्माबाईनं दोन शेंडे खुडले. "सुजातालाबी लई नाद बगा वाचायचा. पुडी बांधून आलेला कागद बी वाचती. म्या म्हनलं, कमलाताईंचं हिंडनं चाललंय..."

"हिंडनं संपलं बाई," कमला म्हणाली. तिच्या डोक्यात रविवारची सभा होती आणि ती बोलायच्या भरात होती. "पाय ऱ्हायलं न्हाईत. पर सगळं गाव झालं बगा, रुक्माबाई. एक घर सोडलं न्हाय."

रुक्माबाईचा हात शेंड्यावर होता. तो तिथंच थांबला.

"सगळं गाव," ती म्हणाली.

"सगळं."

"बरं झालं."

मग कट्‌कन शेंडा मोडला. त्यानंतर रुक्माबाई खुडत ओळीत पुढं सरकत गेली. तिच्या मागच्या ओळीतल्या बायांचं हसणं-खिदळणंही हळूहळू बंद पडलं. दुपारी त्या नेहमीसारख्या बांधावरच्या करंजाखाली बसल्या. कमलानं नेहमीसारखं वरून पाणी ओतलं, त्यांनी नेहमीसारख्या ओंजळी धरल्या. फक्त रुक्माबाईनं ओंजळ पुढं केली नाही.

"तहान न्हाय," ती म्हणाली.

ऊन बाधलं असेल, असं कमलाला वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत.

भुजबली बांधावर उभा राहून रस्त्याकडं बघत राहिला. सूर्य वर आला, दव सुकायला लागलं, तरी रस्ता मोकळाच.

"मजुरी वाढवून पायजे असंल," तो म्हणाला.

"मग मागितली असती. रुक्माबाई काय भ्याची हाय व्हय तुमाला?"

"मग तू काय बोललीस?"

"मी काय बोलनार? गप्पा मारत हुतो."

तिनं कालचा दिवस मनात उलटापालटा केला. काही सापडलं नाही. दोघं ओळीला लागली. दुपारपर्यंत तिचं डोकं भणभणायला लागलं. ओल्या तंबाखूत वाकून राहिलं की पोटात ढवळतं, तसं ढवळायला लागलं. बांधाआड जाऊन ती ओकली, तोंड धुतलं आणि परत ओळीत आली. भुजबलीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्याचं स्वतःचं तोंड पांढरं पडलं होतं.

वरच्या तुकड्यात पांढरी-गुलाबी फुलं दिसायला लागली. लांबून बघणाऱ्याला छान वाटली असती.

"क्षमाला लाव उद्यापासनं," तो म्हणाला.

"तिची शिकवणी हाय."

"शिकवणी सांजची."

"दिसभर ह्यात उबं ऱ्हाऊन सांजचं डोळं उगडं ऱ्हात्यात व्हय? तुमी बगा की जरा स्वताकडं."

"मग गावातल्या बाया बगू?"

गावातल्या बाया ज्याच्या-त्याच्या रानात होत्या. क्षमा आली. पहिल्या दिवशी पोरगी हसतखेळत खुडत होती. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताटावर बसली, घास तोंडात घातला आणि उठून मोरीकडं पळाली. त्या दिवशी ती वर्गाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, पण वहीवर मान टाकून झोपली, असं शिकवणाऱ्या पोरीनं निरोप पाठवला.

आत्याबाई म्हशीला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोरी शाळंला लावाय निगाली बया. स्वताची तंबाकूत."

या वेळी कमलाला हसू आलं नाही.

*

खालच्या आळीला बोलावणं धाडायची एक पद्धत होती. ओढ्यापर्यंत जायचं, अलीकडच्या जांभळीखाली उभं राहायचं आणि हाळी द्यायची. पलीकडचं माणूस काठावर यायचं. बोलणं पाण्यावरून व्हायचं. ओढ्याला साकव होता, पावसाळा सोडला तर पाणीही घोट्याएवढंच असायचं. पण कमलाच नव्हे, तिची सासूही जांभळीच्या पुढं कधी गेली नव्हती. कुणी अडवलं होतं असं नाही. तिथं थांबायचं, एवढंच पायांना ठाऊक होतं.

"रुक्माबाई, ओ रुक्माबाई."

रुक्माबाई आली. मागं सुजाता धुण्याची पाटी घेऊन आली, पाण्यात उतरली आणि खाली मान घालून कपडे आपटायला लागली.

"बरं न्हाय व्हय तुमाला?" कमलानं विचारलं.

"बरं हाय की."

"मग खुडणीला आला न्हाईसा. झाडं फुलावर गेली सगळी."

"गावातल्या बाया सांगा की, ताई." रुक्माबाईचा आवाज शांत होता. "गावात बाया काय कमी हाईत? सगळं गाव फिरून आलासा न्हवं तुमी."

सुजाताचा हात थांबला. ओल्या कपड्यातून पाणी टपटपत राहिलं.

कमला जांभळीखाली उभी होती. एखादं भांडं हातातून सुटलेलं दिसावं आणि फुटल्याचा आवाज मागून यावा, तसं झालं तिला. सगळं गाव. एक घर सोडलं न्हाय. ती हे खोटं बोलली नव्हती. मॅडमनी सांगितलं होतं, गावातल्या प्रत्येक घरी जा. ती वेशीपासून निघाली, वरची गल्ली केली, बसदीची म्हणजे जैन मंदिराची गल्ली केली, मधली केली, आणि ओढा आला तेव्हा गाव संपलं म्हणून मागं फिरली. पलीकडं काही राहिलंय असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मनात येऊन तिनं ते टाळलं असतं, तर एक वेळ बरं झालं असतं.

"रुक्माबाई, माझ्या ध्यानातच..." असं म्हणून ती थांबली. ते बोलणं जास्तच वाईट होतं.

"असू द्या."

"रविवारी सभा हाय. सुजाताला घेऊन या. नाव घालू तिचं."

"कुटं?"

"जिनेंद्र अण्णांच्या सोप्यात."

रुक्माबाईनं तिच्याकडं नीट बघितलं.

"येतो की. पर कुटं बसायचं, ताई?"

कमला नकळत जांभळीखालून पुढं आली होती. तिचा एक पाय साकवावर होता. तो तिनं पुढंही टाकला नाही आणि मागंही घेतला नाही. पलीकडं सुजातानं पिळलेलं कापड पाटीत टाकलं आणि आजीच्या आधीच घराकडं निघून गेली.

*

"मी खालच्या आळीला गेलेच न्हाई," घरी आल्यावर ती भुजबलीला म्हणाली.

तो बैलाच्या वेसणीची गाठ सोडवत होता. "तुला कुनी सांगितलंतं जायाला?"

"मॅडमनी. सगळं गाव फिरा म्हनलं."

"मग फिरलीस की सगळं गाव."

आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. गाठ सोडून त्यानं वर बघितलं.

"रविवारी सांगते मी मॅडमना," ती म्हणाली.

"सांगून काय करनार? वर्ग सोप्यात. सोपा अण्णाचा. तेंच्या म्हातारीनं उंबऱ्याच्या आत कुनाला घेतलंय व्हय आजपातुर? तू नाव घालशील, आनि त्या दिवशी वर्ग बंद. मग तुझी क्षमाबी घरात आनि सुजाताबी घरात."

"मग दुसरी जागा बगू."

"आनि पानी?" तो हळू बोलत होता, आणि हळू बोलायला लागला की तो घाबरलेला असायचा. "तंबाकूला शेवटचं पानी अण्णाच्या हिरीचं. पाळी तेच्या हातात. तेनं नुसतं म्हनायचं, मोटार जळली."

आत्याबाई उंबऱ्यात वाती वळत होत्या. आज त्या म्हशीला काही म्हणाल्या नाहीत.

"आमी सांभाळूनच ऱ्हायलो," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

*

रविवारी सोपा भरला. जिनेंद्र अण्णांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, पंखा लावला होता. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरात दुखणं आलं तर आपली जीप काढायचा. लतिका मॅडम बेळगावहून सकाळीच आल्या होत्या. त्यांनी कमलाला शेजारी बसवून घेतलं. कमलानं पट्टा घातला होता. काळ्या बोटांनी ती तो सारखा नीट करत होती.

"कमलाताईंनी अख्खं गाव पालथं घातलं," मॅडम म्हणाल्या. "शाळेत जाणाऱ्या, न जाणाऱ्या, सगळ्या मुली आता आपल्या वर्गात आहेत. या गावात एकही मुलगी मागं राहिलेली नाही. हे फार कमी ठिकाणी घडतं."

टाळ्या झाल्या. क्षमानं टाळी वाजवली नाही. ती दाराकडं बघत होती.

दाराबाहेर, अंगणात, चपलांच्या ढिगापाशी रुक्माबाई आणि सुजाता येऊन बसल्या होत्या. सुजाताच्या अंगावर शाळेचा जुना गणवेश होता. बाह्या आखूड झालेल्या. मांडीवर एक पुस्तक होतं.

घरातून चहा आला. मॅडमना कपबशी, सोप्यातल्या सगळ्यांना स्टीलचे पेले. शेवटी एक पोरगी बाहेर गेली आणि त्या दोघींच्या पुढं जमिनीवर कागदी कप ठेवून आली.

मॅडमनी बघितलं. त्यांचा कप ओठाशी थांबला.

"त्या बाहेर का बसल्यात? आत या ना."

कुणी हललं नाही. रुक्माबाईही नाही.

"तितंच बऱ्या बसत्यात त्या," जिनेंद्र अण्णा म्हणाले. "वारं लागतंय बाहीर."

"कुठल्या त्या?"

"हितल्याच."

"हितल्याच म्हणजे?"

"खालच्या आळीच्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग ही मुलगी वर्गात कशी नाही?" मॅडमनी सुजाताकडं बघितलं. त्यांचा आवाज अजून साधा होता. "खालच्या आळीत आणखी मुली असतील ना?"

"असत्यात की. पर त्यास्नी गोडी न्हाय मॅडम शिकायची."

"लांब पडतंय त्यास्नी."

"कामाला जात्यात. सुगीचं दिस."

"आमी काय नको म्हनत न्हाय कुनाला," जिनेंद्र अण्णा म्हणाले, आणि सोप्यातली सगळी माणसं मान हलवायला लागली. खरंच, कुणी कुणाला नको म्हटलं नव्हतं.

अंगणात सुजातानं पुस्तक उघडलं. ती वाचत नव्हती. पान धरून बसली होती.

मॅडम कमलाकडं वळल्या. "कमलाताई, तुम्ही गेला होता ना सगळीकडे. खालच्या आळीत लोक काय म्हणाले?"

वर पंखा फिरत होता. समोर जिनेंद्र अण्णा बसले होते, मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही. भुजबली भिंतीला टेकला होता आणि जमिनीकडं बघत होता. 'गोडी न्हाय म्हणाले,' एवढं म्हटलं की झालं. सगळ्यांनी ते आधीच म्हणून ठेवलं होतं. तिला फक्त मान हलवायची होती. मग सोपा राहील, पाण्याची पाळी राहील, पट्टा राहील. क्षमाचं नाव पक्कं होईल.

क्षमा दाराकडं बघायची थांबली होती. आता ती आईकडं बघत होती.

कमला उठली. मागं बसलेल्या आत्याबाईंनी तिचा पदर धरला. कमलाला वाटलं, खाली ओढतील. त्यांनी ओढलं नाही. सतरंजीत अडकलेला पदर नुसता सोडवला आणि हात काढून घेतला.

"त्या काय म्हनाल्या न्हाईत, मॅडम," कमला म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. "त्या काय म्हनाल्या न्हाईत, कारन मी गेलेच न्हाई. तुमी मला सगळं गाव फिरा म्हनलासा. मी ओढ्यापातुर गेले आनि सगळं गाव झालं म्हनून माघारी आले. चुकून न्हवं. रुक्माबाई पिढ्यान् पिढ्या हितंच ऱ्हात्यात, आमच्या रानात राबत्यात. पर त्यास्नी आमी गावात धरतच न्हाय."